परत न दिलेलं गाणं

रूथअक्काला जगातल्या सगळ्यांचा आवाज काढता यायचा, फक्त स्वतःचा सोडून.

रेडिओवर गाणाऱ्या बायांपैकी कुणाचंही नाव घ्या. अक्का मान जराशी डावीकडे कलती करायची, एकदा आवंढा गिळायची आणि ती बाई हजर! हुबेहूब म्हणजे इतकी हुबेहूब, की ऐकणारा आधी अक्काकडे बघायचा आणि मग खोलीत रेडिओ कुठे ठेवलाय ते शोधायचा. पुरुषांचे आवाजही तिला वर्ज्य नव्हते. धुळ्याच्या मिशन दवाखान्यात ती नर्स होती. पुरुषांच्या वॉर्डात कोणी चोरून बिडी पेटवली की ही दाराआडून मोठ्या डॉक्टरांच्या आवाजात नुसतं "हं?" म्हणायची. पटापट बिड्या विझायच्या, पांघरुणं डोक्यावरून जायची, आणि अक्का थर्मामीटर झटकत, चेहरा अगदी साधा ठेवून आत यायची.

गंमत अशी, की बोलताना तिचा आवाज चांगला जाडाभरडा होता. घोगरा, खालच्या पट्टीतला, थोडा चिरकलेला. "बेसवाल्या, हात धुऊन ये," असं ती म्हणाली की दोन खोल्या पलीकडेही कळायचं, अक्का बोलली. पण गायला तोंड उघडलं की तो आवाज कुठे दडून बसायचा देव जाणे.

बेसवाला म्हणजे मी. आमचा रॉक बँड होता. हसू नका. ऐंशीच्या दशकाच्या शेवटीशेवटी धुळ्यासारख्या गावात चार पोरांनी केस मानेवर रुळवून, घट्ट पँटी घालून रॉक बँड काढला होता आणि त्याचं नाव 'थंडर' ठेवलं होतं. गावात बँड म्हणजे लग्नाचा बँड, त्यामुळे लोक आमच्याकडे थेट हळदीची तारीख घेऊन यायचे. "नवरदेव घोड्यावर बसला की सुरू करायचं आणि मारुतीच्या देवळापर्यंत थांबायचं नाही," असं बजावायचे. आम्ही गिटारी दाखवल्या की म्हणायचे, "ते राहू द्या, पिपाणी कोण वाजवतो ते सांगा." मी चोपड्याकडचा, केळीवाल्याचा मुलगा. धुळ्याला कॉलेजात होतो, निदान घरी तसं सांगितलेलं होतं. माझ्याकडे बेस गिटार होती आणि ती मी बरी वाजवायचो.

बँडचा कर्ताधर्ता होता बॉस. लीड गिटार त्याची, अँप्लिफायर त्याचा आणि तालमीची जागाही त्याच्याच वडिलांची: सरकीचं गोडाऊन. सरकीच्या पोत्यांमध्ये आमचा सगळा थंडर गडप व्हायचा, म्हणून शेजारपाजार शांत होता. एकदा बॉस आग्रा रोडवर स्कूटरसकट खड्ड्यात गेला आणि पाय मोडून मिशन दवाखान्यात पडला. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारबा होते, त्यांना ड्रेसिंगची फार भीती. अक्का त्यांची जखम धुताना एक जुनं गाणं म्हणत होती. बॉस डोळे मिटून ओरडला, "सिस्टर, तो रेडिओ जरा मोठा करा ना!" अक्का म्हणाली, "रेडिओचे हात रिकामे नाहीत, थांब." पाय प्लॅस्टरमधून निघायच्या आत बॉसने तिला बँडमध्ये घेतलं होतं.

ती आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. लग्न केलेलं नव्हतं. पांढरी साडी, घट्ट अंबाडा, पायात दवाखान्यातल्याच चपला. असल्या अवतारात ती थंडरपुढे उभी राहायची आणि लोक वेडे व्हायचे. मिशन कंपाउंडातली काही मंडळी कुरकुरली, "सिनेमाची गाणी म्हणते." तिने पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, ज्या गाण्याने म्हातारबांची जखम धुता आली ते वाईट कसं हो?" पाळकसाहेब भले माणूस. ते म्हणाले, "रविवार सोडून म्हण." विषय संपला.

तालमीला ती कधी रिकाम्या हाताने आली नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. आधी खायचं, मग वाजवायचं. "उपाशी माणूस बेसूर होतो," हे तिचं म्हणणं. ड्रमवाला एकदा घाईत न जेवता ड्रमवर बसला, तर तिने त्याच्या हातातून काड्या काढून घेतल्या आणि भाकरी ठेवली. आम्ही चौघं तिच्यासाठी चार पेशंट होतो. लय चुकली की ती रागवायची नाही, नाडी बघायची. खरंच मनगट धरायची हो! "अरे, हा आज घाबरलाय. पाणी द्या त्याला."

मला बँडमध्ये गायला बंदी होती. माझा आवाज म्हणजे, कसं सांगू, ओल्या दोरावर बादली ओढल्यासारखा. एकदा बॉसने मला मागच्या कोरसमध्ये उभं केलं, आणि पहिल्याच ओळीला माझ्यापुढचा माइक स्वतःच्या हाताने बंद केला. सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं. भाकरीची फडकी गोळा करताना अक्का मला म्हणाली, "बेसवाल्या, तुला ऐकून कोणी दुसऱ्याचं नाव घेणार नाही. केवढी श्रीमंती आहे ती, कळतं का तुला?" मला वाटलं, ही पण चेष्टा करते आहे.

आमची खरी कमाई झाली ती 'पडद्यामागे कोण?' या आयटममुळे. ही बॉसची अक्कल. स्टेजवर काळा पडदा, पडद्यामागे अक्का. ती एकेका गायिकेच्या आवाजात गायची आणि लोकांनी नाव ओळखायचं. पब्लिक ओरडून ओरडून दमायचं. शेवटी पडदा सरकायचा आणि एवढ्या सगळ्या बायांच्या जागी पांढऱ्या साडीतली एकटी नर्स उभी! जळगावला तर लोक खुर्च्यांवर चढले होते. कॉलेजची गॅदरिंग, व्यापाऱ्यांची संमेलनं, गणपती, सगळीकडून बोलावणी यायला लागली. थंडरचं नाव झालं. अक्काचं नाव कोणी विचारत नव्हतं. लोक म्हणायचे, "ती आवाजवाली."

तिची आई दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात राहायची. आम्ही सगळे तिला माय म्हणायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही. दोंडाईच्याला बाजार समितीच्या आवारात आमचा कार्यक्रम ठरला तेव्हा अक्काने मायला मुद्दाम आणवलं, मागच्या बाजूला चांगली खुर्ची दिली. त्या दिवशी अक्का अशी गायली की बास! एकेक बाई पडद्यामागून येऊन जात होती. शेवटी पडदा सरकला, टाळ्यांनी आवार दणाणलं. कार्यक्रम संपल्यावर बॉस मायच्या पायाशी वाकला. "माय, कसं झालं?"

माय म्हणाली, "बठ्ठ्या बाया चांगल्या म्हनन्यात रे भाऊ. पन मनी आंडेर कव्हय म्हनी?"

सगळ्या बाया छान गायल्या, पण माझी मुलगी कधी गाणार? बॉस हसत सुटला. "माय, तीच तर म्हणत होती सगळं!"

"नही भाऊ," माय म्हणाली. "मनी आंडेरना आवाज मी वळखस नही का?"

अक्का बाजूलाच उभी होती. तीही आधी हसली. मग तिने मायचा पदर सारखा केला, उगाच पुन्हा सारखा केला. परत येताना मेटॅडोरमध्ये ती धुळे येईपर्यंत ड्रमच्या पेटीवर पाठ करून बसली. भाकऱ्या तशाच फडक्यात राहिल्या. असं कधी झालं नव्हतं.

पुढच्या तालमीला तिने सांगितलं, "मी बँड सोडते." बॉसचा चेहरा पडला, मग लाल झाला. पुढे कितीतरी बोलावणी घेऊन ठेवलेली होती. "अक्का, तू गेलीस तर बँड बुडेल," तो म्हणाला. ती म्हणाली, "अरे, तुझा बँड माझ्या गळ्यावर नाही, त्या बायांच्या गळ्यावर उभा आहे. मी त्यात नव्हतेच." बॉस चिडून म्हणाला, "मग तू आहेस तरी कशात?" हे त्याने बोलायला नको होतं. अक्का रागावली नाही. "तेच बघायचंय," म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली.

मी तिच्या मागे गेलो. बॉस माझ्याशी महिनाभर बोलला नाही, पण मला राहवेना. ती म्हणाली, "मला एकच गाणं म्हणायचंय. मायने ऐकून म्हटलं पाहिजे की ही माझी मुलगी. एवढं झालं की मिळवलं. मायचं वय बघतोस ना?" एवढीच तिची इच्छा. एखाद्याला वाटेल, ह्यात काय मोठं? पण तिला ते जमत नव्हतं.

गाणं तिनेच केलं, अहिराणीत. अहिराणी म्हणजे आमच्या खानदेशातली घरातली बोली. त्या काळी देवळात काय आणि चर्चमध्ये काय, देवाशी बोलायचं ते पुस्तकी मराठीत. देवाला अहिराणी कळते असं कोणी धरूनच चाललेलं नव्हतं. तिच्या गाण्याची सुरुवात अशी होती:

मनं नाव लिसन हाक मार देवा,
मी गर्दीमा शे, मी दूर शे.

माझं नाव घेऊन हाक मार, मी गर्दीत आहे, दूर आहे. मला वाचूनच गलबललं. चाल पण तिचीच, साधी, आमच्या गिटारीवर शोभणारी. दुपारी ड्यूटी संपली की कंपाउंडातल्या चिंचेखाली मी साधी, बिनविजेची गिटार वाजवायचो आणि ती गायची. आणि दर वेळी दुसऱ्या ओळीपर्यंत कोणीतरी बाई येऊन ठेपायचीच. "अक्का, ही ती रडकी गायिका." "अक्का, ही कॅबरेवाली." ती कपाळाला हात लावायची. "मेल्या, कुठे ठेवला मी माझा आवाज?" कानांत कापसाचे बोळे घालून गायली. सर्दीत गायली. एकदा स्वतःचा नियम मोडून उपाशीपोटी गायली, तर उपाशी गायिका निघाली. मला हसू येई, आणि तिचा चेहरा बघून मी मान खाली घालून तारा जुळवत बसे. पस्तिशीला टेकलेली बाई, हजारो लोकांसमोर गायलेली, आणि एका गाण्यापुढे अशी हात टेकून बसलेली.

अशात हंगामाचा सण आला. हा सण माहीत नसेल तर सांगतो. पीक निघालं की चर्चची माणसं आपापल्या शेतातलं पहिलं फळ देवाला आणतात. बाजरी, भुईमूग, लाल मिरच्या, भोपळे, अंड्यांची टोपली, कोंबड्या. उपासना झाली की त्या सगळ्याचा अंगणात लिलाव होतो. आणि त्यात एक गोड प्रथा आहे. ज्याने वस्तू घेतली तो बऱ्याचदा ती घरी नेत नाही. "परत!" म्हणतो. म्हणजे पैसे देवाला, आणि वस्तूही देवाला. मग तीच वस्तू पुन्हा लिलावात. एकच कोंबडा दिवसभर विकला जातो आणि शेवटी कोणीतरी "आता माझा" म्हणतो, तेव्हा त्याचा लिलाव संपतो.

लिलाव करायचे दावीदनाना. निवृत्त कंपाउंडर, आवाज खणखणीत, स्वभाव तिरसट. अक्का त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "नाना, मला शेत नाही. माझं पहिलं फळ म्हणून एक गाणं लावा." नाना चष्म्यावरून बघत राहिले. "गाणं? ते कशात मोजायचं बाई, शेरात का डझनात?" लोक हसले. पण पाळकसाहेबांनी मान हलवली, आणि नानांनी मिरच्यांच्या आणि भोपळ्यांच्या मध्ये अक्काला उभं केलं. मी बाजूला गिटार घेऊन. मीही घरून एक केळीचा घड आणला होता, पाहुणा म्हणून. माय कडेला सतरंजीवर बसली होती, मांडीवर पाय बांधलेला लाल कोंबडा. तो तिचा नजराणा, त्याची पाळी यायची होती. आणि सगळ्यात मागे, फाटकाला टेकून, बॉस उभा होता. आला कशाला होता कोण जाणे. बहुधा अक्काला परत न्यायला.

अक्का गायली. झालं! पहिल्याच ओळीला रेडिओवरची सगळ्यात गोड बाई हजर. लोक खूश. कोणीतरी त्या बाईचं नाव घेऊन ओरडलंसुद्धा. शाळेच्या हेडमास्तरांनी बोली जिंकली आणि तोंडभरून म्हणाले, "परत!" नाना म्हणाले, "गाणं परत आलं. आता गिऱ्हाइकाला माल पुन्हा दाखवायला लागेल. म्हण बाई." अक्का पुन्हा गायली. आता दुसरी बाई. पुन्हा बोली, पुन्हा "परत!" मंडळींना वाटलं, हा तो पडद्याचाच खेळ, पडद्याशिवाय. बायका बोली लावायला लागल्या, पोरं नावं ओळखायला लागली. मागून बॉसही ओरडला, त्याने चढी बोली लावली आणि मुद्दाम जोरात म्हणाला, "परत!" मला त्याचा असा संताप आला की गिटार डोक्यात घालावी.

ऊन चढलं. गिटारीच्या तारा तापल्या. अक्काच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने मध्येच पाणी मागितलं, एक घोट घेतला. मी हळूच म्हणालो, "अक्का, पुरे आता. नाही म्हण नानांना." ती म्हणाली, "देवाला दिलंय रे. आपणच कसं थांबवायचं?" आणि पुन्हा सुरुवात केली. एकेक बाई येऊन जात होती, पण आता ती लवकर जात होती. वरचा सूर लागेना. गळ्यातली नजाकत दमली. कॅबरेवाली पहिल्या ओळीतच खोकली. लोक हसले, अक्काही हसली. आणि मग पुन्हा "परत!" झाल्यावर तिने मान डावीकडे कलती केली नाही. आवंढा गिळला नाही. बहुतेक तेवढी ताकदच उरली नव्हती. नुसतं तोंड उघडलं.

मनं नाव लिसन हाक मार देवा.

तो आवाज घोगरा होता. खालच्या पट्टीतला, चिरकलेला. "हात धुऊन ये" म्हणणारा आवाज. वॉर्डात "जरासं दुखेल हं" म्हणणारा. मी वाजवताना माझं बोट तारेवर अडकलं. कोणी नाव ओळखायला ओरडलं नाही. ओळखणार कुणाचं? नाना हात वर करून तसेच उभे राहिले, बोली पुकारायचं विसरले. गाणं पुढे गेलं. दोन ठिकाणी सूर फाटला आणि तिने तो फाटू दिला.

सतरंजीवरून माय उठायला लागली. कोंबडा फडफडला. ती आवाजाच्या दिशेने तोंड करून मोठ्याने म्हणाली, "हाई मनी आंडेर शे!"

अहो, काय सांगू! अक्काने गाणं मध्येच सोडलं नाही, पण डोळ्यांना धारा लागल्या तिच्या. मलाही. हेडमास्तर रुमाल शोधायला लागले. माय चाचपडत पुढे आली आणि कोंबडा नानांच्या हातात देत म्हणाली, "नाना, हाऊ कोंबडा मी देवाले आनेल शे. तो ल्या, आनि गानं माले द्या."

हा काही लिलावाचा नियम नव्हता. नाना तिरसट माणूस, पण कोंबडा त्यांनी काखेत धरला. त्यांनी विचारलं, "माय, परत करशी ना?"

"नही," माय म्हणाली. "परत कसाले करू? मनं शे ते."

नानांनी तीनदा पुकारलं. त्यावर कोणी बोली लावली नाही. बॉससुद्धा नाही. तो फाटकापासून सरळ चालत आला, अक्काच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "कॅसेट काढू. माझी गिटार." अक्काने आधी त्याचं मनगट धरून नाडी बघितली. मग म्हणाली, "जेवलास का?"

कॅसेट जळगावला निघाली, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. पण ते गाणं कॅसेटमध्ये घ्यायचं म्हणजे मायची परवानगी हवी. वस्तू तिची होती. अक्का खास दोंडाईच्याला जाऊन विचारून आली. माय म्हणाली होती, "म्हन. पन त्या बायास्ले मझार येऊ देऊ नको." त्या बायांना आत येऊ देऊ नको! रेकॉर्डिंगवाला सारखा काच वाजवायचा, "मॅडम, आवाज फाटतोय." अक्का म्हणायची, "फाटू दे. माझाच आहे." कव्हरवर तिचा फोटो होता, पांढऱ्या साडीत, असा की आता इंजेक्शन देते की काय वाटावं. कॅसेट काही जगभर गाजली नाही. पण खानदेशातल्या चर्चच्या सणांना, स्टँडवरच्या टपऱ्यांवर, जीपगाड्यांमध्ये ती वर्षानुवर्षं वाजली. माझे वडील माळकरी, त्यांनी ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत टेप घासेपर्यंत ऐकली. "बाई आपल्यासारखं बोलते," एवढंच म्हणायचे.

मला काय मिळालं ते सांगायला पाहिजे. मी चोपड्याहून धुळ्याला आलो तेव्हा पहिलं काम केलं ते घरची बोली लपवायचं. 'शे' तोंडातून निसटलं की मुलं हसायची. मी बॉससारखं बोलायचो, बॉससारखे केस ठेवायचो, चालायचोही तसाच. त्या हंगामानंतर ते हळूहळू गळून पडलं. पुढे कॉलेज सोडून गावी गेलो, केळी लावली, ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब आले तरी मी माझ्याच बोलीत बोललो, आणि कधी कमीपणा वाटला नाही. हे मला वडिलांनी दिलं नाही, कॉलेजने तर नाहीच नाही. अक्काने दिलं. मी तिला एकदा हे सांगितलं तर म्हणाली, "मी काय दिलं? माझाच गळा दमला होता."

मोतीबिंदूचं ऑपरेशन न करताच माय गेली. त्यानंतर काही वर्षांनी अक्का निवृत्त झाली आणि भाचीकडे राहायला नंदुरबारला निघाली. तिला स्टँडवर सोडायला मी चोपड्याहून आलो होतो. ट्रंक गाडीवर चढवली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. ती म्हणाली, "बेसवाल्या, मायचं गाणं आता माझ्याकडे आलंय. बोली लाव."

मी म्हणालो, "अक्का, माझ्या हातात केळीचा घड आहे फक्त. तुझ्या भाचीसाठी आणलाय."

"चालेल," ती म्हणाली. घड खिडकीतून आत घेतला. "दिलं तुला. आणि परत द्यायचं नाही."

"मी? मला गाता येतं का?"

"म्हणून तर," ती म्हणाली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

मी ते गाणं घेतलं आणि म्हणत राहिलो. केळीच्या बागेत, दुकानाचं शटर वर करताना, आंघोळीला. आमच्या घरात ह्या गोष्टीवर बरीच टीका झालेली आहे. बायको म्हणते, "म्हशी दूध चोरायला लागतील." चोरू देत!

मागच्या वर्षी अक्का गेली. तिच्या इच्छेप्रमाणे धुळ्यालाच आणली. कब्रस्तानात खूप माणसं होती, तिने बाळंतपणं केलेल्या बाया, त्यांची मोठी झालेली मुलं, वॉर्डात चोरून बिडी ओढलेले म्हातारे. बॉस आला होता, केस पांढरे, हातात काठी. नव्या पाळकांनी पुस्तकातलं गीत म्हटलं. माती लोटायची वेळ झाली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी कोणाला विचारलं नाही. तोंड उघडलं आणि सुरू केलं, मनं नाव लिसन हाक मार देवा. बेसूर तर बेसूर. बॉस माझ्या शेजारी उभा होता. ह्या खेपेला त्याने माझा माइक बंद केला नाही, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

गर्दीत मागे एक म्हातारी होती. तिला पुढचं काही दिसत नसावं. तिने शेजारणीला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "कोन म्हनी ऱ्हायनं वं?"

शेजारीण म्हणाली, "अक्काना बेसवाला शे. असं दुसरं कोन म्हनी?"